वन्सं, माझा अडकित्ता?

बडोद्याच्या मांडवीत डिंकाच्या दुकानासमोर उभी होते तेव्हा फोन आला. माझ्या मुलीला, इराला, आठवा महिना लागत होता आणि बाळंतपणाच्या लाडवांचं सामान मी जरा लवकरच, हौसेनं गोळा करायला निघाले होते. दुकानदारानं दोन तऱ्हेचे डिंक पुढ्यात ओतले आणि "बेन, कयो आपुं?", कोणता देऊ, म्हणून माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मला डिंकातलं ओ की ठो कळत नाही. असल्या वेळी नलूआत्यांना फोन लावायचा हे ठरलेलंच. त्या आधी मला दोन शब्द सुनावणार, "शाळेत एवढा भूगोल शिकवतेस आणि डिंक ओळखता येत नाही?" म्हणणार, आणि मग नीट सांगणार. मी पर्समधून फोन काढला आणि तेवढ्यात तोच वाजला. त्यांचा मुलगा गिरीश होता. "शुभावहिनी, आई गेली. आत्ताच... चहा पिता पिता." मी त्याला काय म्हणाले ते आठवत नाही. दुकानदारानं स्टूल पुढे केलं एवढं आठवतं. डिंक तिथेच राहिला. पुढे कितीतरी दिवस मला एकाच गोष्टीची चुटपुट लागली होती, की कोणता घ्यायचा ते विचारायचं राहूनच गेलं. वेडेपणा नाहीतर काय!

नलूआत्या म्हणजे माझ्या यजमानांची, माधवची, सख्खी आत्या. सारं आयुष्य घडियाळी पोळात, जुन्या शहरातल्या त्या अरुंद आळीत, काढलं, नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरची. रंग सावळा, आवाज खणखणीत, दंडाला घट्ट बसणारी ब्लाउजची बाही आणि तोंडात सुपारी. एक दुपार सोडली तर सुपारीशिवाय त्यांना मी फक्त देवळात पाहिलं, आणि तिथेही त्या प्रदक्षिणा जरा घाईनंच आटपायच्या. पत्त्यांत बिनदिक्कत लबाडी करायच्या आणि पकडलं की आपल्यावरच रागवायच्या. एक्स्चेंज सुटलं तरी एक्स्चेंजची भाषा सुटली नाही. समोरचं माणूस बोलता बोलता गप्प झालं, की आपण कसे मध्येच काहीतरी बोलून ती जागा भरून काढतो, तसं त्या करायच्या नाहीत. थांबायच्या. चांगल्या थांबायच्या. आणि मग अगदी हळू म्हणायच्या, "बोल. मी लाइनवर आहे." घरातली मुलं यावरून त्यांची यथेच्छ नक्कल करायची. इराही करायची, कानाशी चमचा धरून.

या बाईंची एक खोड सगळ्या नात्यागोत्यात प्रसिद्ध होती. कुणाकडे बाळ झालं की आपण बाळ बघायला जातो. झबलं-टोपडं नेतो, बाळाच्या मुठीत नोट कोंबतो, नाक कुणासारखं यावर वाद घालतो, पेढा खातो आणि येतो. बाळंतीण तिथेच कोपऱ्यात कानाला रुमाल बांधून बसलेली असते, तिला आपण फार तर विचारतो, "दूध येतंय ना?" नलूआत्या बाळंतीण बघायला जायच्या. हातात तिच्यासाठी काहीतरी, गजरा, एखादं मासिक, नाहीतर नुसतीच बडीशेप. बाळाकडे वळूनसुद्धा न बघता आधी तिच्यापाशी जायच्या. मग सगळ्यांना सरळ सांगायच्या, "जरा बाहेर बसा बरं." दाराला आतून कडी लावायच्या आणि जमिनीवर बसायच्या. लोकांना राग यायचाच. एका बारशाला तर त्यांनी भर मंडपात मुलीच्या सासरच्यांना ऐकवलं होतं, "आधी आईची चौकशी, मग घुगऱ्या!" असं का करता म्हणून कुणी विचारलं तर म्हणायच्या, "तुम्ही बाळ बघायला जाता, त्याला कारण लागतं का?" मला वाटायचं यामागे काहीतरी जुनी कहाणी असणार. इतक्या वर्षांत त्यांनी ती सांगितली नाही. कदाचित नव्हतीच.

त्यांनी माझ्या खोलीची कडी लावली ती दुपार मात्र मी इथे लिहिणार आहे. आजवर ती माधव सोडून कुणालाही ठाऊक नव्हती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माझी आई आदल्याच वर्षी गेली होती. नाशिकच्या घरात वडील आणि धाकटा भाऊ, दोघांना कढी करता यायची नाही, ते बाळंतीण काय सांभाळणार! म्हणून मी बडोद्यालाच राहिले. सासूबाईंनी माझं इतकं केलं की तक्रारीला जागाच नाही. शेक, धुरी, अळिवाची खीर, सगळं वेळेवर आणि प्रेमानं. भावानं आईच्या जुन्या सुती साड्या पाठवल्या होत्या, त्यांची बाळोती आणि दुपटीही त्यांनीच शिवली. आणि घरातल्या रीतीप्रमाणे बाळाच्या उशाखाली लोखंड ठेवलं. कुणाकडे सुरी ठेवतात, आमच्याकडे अडकित्ता. पितळी मुठींचा, सासूबाईंच्या माहेरचा, त्यांचा अगदी जीव की प्राण. दृष्ट लागत नाही, बाळ दचकत नाही, म्हणून ठेवायचा.

एकदा इराचं दुपटं बदलताना तो हाताला लागला आणि माझ्या मनात एक विचार आला. आपल्याच हातून या पोरीला काहीतरी होईल... आपणच करू. कुठून आला देव जाणे, पण आला आणि जाईना. दूध पाजताना यायचा, तिच्या टाळूला तेल लावताना यायचा. मी तो अडकित्ता उचलून कपाटावर टाकला. सासूबाईंनी शोधून परत उशाखाली ठेवला. मी डब्यांच्या मागे सारला, त्यांनी तिथूनही काढला. त्यांना वाटलं, शिकलेली सून, तिला असल्या गोष्टी पटत नाहीत. माधवही म्हणाला, "राहू दे ग, आईचं समाधान. तुझं काय बिघडतं?" काय बिघडतं ते सांगायला माझ्याकडे तोंड नव्हतं. कुठली आई असं बोलून दाखवेल? मी इराला जवळ घेणंच टाळायला लागले. जो येईल त्याच्या हातात तिला द्यायची. बारशाला तर ती माझ्याकडे क्षणभरसुद्धा नव्हती आणि आल्यागेल्या बायका माझं कौतुक करत होत्या. "किती मोकळ्या मनाची हो सूनबाई! नाहीतर आमची, हातसुद्धा लावू देत नाही." मी हसत होते. नलूआत्या सुपारी चघळत माझ्याकडे एकटक बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या हजर. सासूबाईंना म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही जरा आडव्या व्हा, मी बसते हिच्यापाशी." कडी लावली आणि माझ्या खाटेशी जमिनीवर बसल्या. "तू कशी आहेस?" मी म्हटलं, "बरी आहे." त्या म्हणाल्या, "हे झालं सगळ्यांसाठीचं उत्तर." आणि थांबल्या. मी गप्प, त्या गप्प, इरा पाळण्यात झोपलेली. थांबायचंच आहे तर सुपारी तरी कातरू या म्हणून त्यांनी सवयीनं पिशवीतून आपला अडकित्ता काढला आणि मी भिंतीला चिकटले. खरंच चिकटले, पाठीला गारवा लागलेला आठवतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या अडकित्त्याकडे, मग पाळण्यातल्या उशीकडे. त्यांचा तो अडकित्ता मुकाट पिशवीत गेला. उठून त्यांनी उशाखालचा दुसरा काढला, पदराआड धरला आणि म्हणाल्या, "याचं भय वाटतं?" मी मान हलवली. मग किती वेळ कोण जाणे, त्या थांबून राहिल्या. "बोल. मी लाइनवर आहे."

मी बोलले. सगळं. जे वाक्य उच्चारलं तर आभाळ कोसळेल असं वाटत होतं तेही. बोलून झाल्यावर डोळे मिटून घेतले, कारण आता त्या पाळण्याकडे धावतील, पोरीला उचलून बाहेर नेतील, अशीच माझी खात्री होती. "शुभा, डोळे उघड," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे बघ. मी घाबरलेली दिसते का?" नव्हत्या दिसत. तोंडात सुपारी नसल्यामुळे जरा विचित्र दिसत होत्या, एवढंच. मग अगदी एखादा पत्ता सांगावा तशा सांगायला लागल्या, की हे असले विचार पुष्कळ जणींना येतात आणि कुणी बोलत नाही. विचार आला म्हणजे हात उठतो असं नसतं. पण हे एकटीनं वागवायचं नाही, आपण डॉक्टरांकडे जाऊ. "मला यातलं औषधपाणी काही कळत नाही. मी नंबर जोडून देते, बोलायचं डॉक्टरांनी." बाळोत्यांच्या चळतीतून त्यांनी एक चिंधी फाडली, फिक्या गुलाबी रंगाची, माझ्या आईच्या साडीची. मिटलेल्या अडकित्त्याला ती गच्च गुंडाळून गाठ मारली आणि पिशवीत टाकला. निघताना सासूबाईंना म्हणाल्या, "वहिनी, तुमचा अडकित्ता नेते हो. माझा बोथट झालाय." सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण नणंदेला नाही कोण म्हणणार!

पुढचे कितीतरी दिवस त्या रोज दुपारी यायच्या, "हिला मालिश शिकवते" म्हणून. टाके दाखवायचं निमित्त काढून मला रिक्षानं सयाजीगंजला घेऊन गेल्या. स्टेशनजवळची ती गर्दी, खाली झेरॉक्सची दुकानं आणि वर मनाच्या डॉक्टर. त्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, हा बाळंतपणानंतर होणारा आजार आहे, औषधानं आणि बोलण्यानं बरा होतो, असं सांगितलं. अंगावरचं दूध चालू ठेवता येईल असं औषध दिलं. जिना उतरताना आत्या म्हणाल्या, "माधवला सांग. बाकी जगाचं मी बघते." मी सांगितलं. तो गॅलरीत जाऊन रडला, आणि परत येऊन बाळाला अंघोळ घालायची कशी ते शिकला. बरं वाटायला वेळ लागला. मध्ये पुन्हा वाईट दिवसही आले. पण एका सकाळी इराला मांडीवर घेऊन मी तिच्या नव्या झबल्याची लेबलं कात्रीनं कापत बसले होते, आणि सगळी कापून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की आपल्या हातात कात्री आहे. मी तशीच पोरीला पोटाशी धरून बसून राहिले. तिचा वास तोवर मला नीटसा आलाच नव्हता.

अडकित्ता मात्र परत आला नाही. दर सणाला, दर हळदीकुंकवाला, नलूआत्या उंबऱ्यात दिसल्या रे दिसल्या की सासूबाई विचारायच्या, "वन्सं, माझा अडकित्ता?" आणि आत्या चपला काढता काढता म्हणायच्या, "अगंबाई, विसरले! पुढच्या खेपेला नक्की." मग दोघींची जुंपायची. तुम्ही म्हणजे अशाच, माझ्या लग्नातली लोटीही तुम्हीच नेलीत, इथपासून ते कोणाची आई कोणाला काय बोलली होती इथपर्यंत. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकायची. विसरभोळी, हावरट, नणंदपणा गाजवणारी, काय काय ऐकून घेतलं त्या बाईनं माझ्यासाठी! एकदा मी म्हटलं, "आत्या, सांगून टाकू का आईंना?" तर डोळे वटारून म्हणाल्या, "तुला सांगावंसं वाटेल तेव्हा सांग. माझी कीव म्हणून नको."

निवृत्त झाल्यावर त्यांनी गुरुवारची दुपार मोकळी ठेवली. पोळातल्या त्यांच्या माडीवर हिंचक्याभोवती, त्या मोठ्या झोपाळ्याभोवती, सतरंजी पसरलेली असायची. पोटुशा मुली यायच्या, ओल्या बाळंतिणी यायच्या, मराठी, गुजराती, कुणी सासूबरोबर, कुणी सासूच्या नकळत. त्यांच्या त्या "नलूबेन". दोन डॉक्टर आळीपाळीनं येऊन बसायचे. मी पोहे करायला जायची. तिथे नियम एकच होता, बाळ कुणासारखं दिसतं हे बोलायचं नाही. सगळ्याच मुली बऱ्या होऊन गेल्या असं नाही. एक खूप गप्प गप्प मुलगी यायची, तिला घरच्यांनी अचानक गावाला नेलं, तिचा फोन पुन्हा लागलाच नाही. आत्या कितीतरी महिने तो नंबर फिरवत राहिल्या. लागत नाही म्हटल्यावर फोन ठेवायच्या आणि त्या दिवशी कुणाशी पत्ते खेळायच्या नाहीत.

आणि स्वतःच्या बाबतीत ही बाई म्हणजे कठीण! जगाला धरून धरून डॉक्टरांकडे न्यायची आणि स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या डबीत तशाच. आमचं यावरून कडाक्याचं भांडण झालेलं आहे. शेवटची भेट झाली तीही भांडूनच. इराच्या डोहाळजेवणानंतर मी तिला त्यांच्या पाया पडायला घेऊन गेले होते. त्या पलंगावर पडून होत्या, आवाज खोल गेलेला. तरी मला बघताच म्हणाल्या, "शुभा, खाली जाऊन सेव-उसळ आण." मी म्हटलं, डॉक्टरांनी तिखट बंद केलंय ना? "डॉक्टरांना नाही खायची, मला खायचीय. जा ने!" मी तणतणत गेले. परत आले तर दार बंद. ढकलून पाहिलं तर आतून कडी. हातात गरम पुडकं घेऊन मी जिन्यात उभी. मला बाहेर काढायला उसळीचं सोंग केलं म्हणून राग आला आणि हसूही आलं. बऱ्याच वेळानं इरानं दार उघडलं. उसळीला त्यांनी हातसुद्धा लावला नाही. "काय बोलत होता?" मी विचारलं. "ट्रंककॉल होता," त्या म्हणाल्या. "मधे बोलू नकोस." त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं हे.

आता घडियाळी पोळावरून जाताना मान आपोआप वर होते. माडीची खिडकी बंद असते. गुरुवार आला की मी सवयीनं पोहे भिजवते, मग आठवतं, मग आम्हीच खातो. मला त्यांची इतकी आठवण येते की राग येतो. इराचं बाळंतपण तोंडावर आलंय आणि ही बाई खुशाल निघून गेली! मुलीच्या खोलीची कडी आता कोण लावणार, हाच घोर माझ्या मनाला लागला होता. मी भूगोल शिकवते. मला थांबता येत नाही. वर्गात पोरगी अडखळली की उत्तर मीच सांगून मोकळी होते.

गेल्या आठवड्यात गिरीश घर आवरून आमच्याकडे आला. सासूबाईंपुढे एक पुडकं ठेवून म्हणाला, "मामी, हा तुमचा आहे. आईनं सांगून ठेवलं होतं." अडकित्ता. तीच गुलाबी चिंधी, विरून पांढुरकी झालेली, तीच गाठ. इतकी वर्षं सुपारी कातरणाऱ्या बाईनं तो एकदाही उघडला नव्हता. ऐंशी ओलांडलेल्या सासूबाई त्याच्यावरून हात फिरवत बसल्या. "मला कुठे हवा होता ग हा?" त्या म्हणाल्या. "दात तरी राहिलेत का सुपारी खायला? मागायची म्हणजे वन्सं चिडायच्या, भांडायला दोन घटका बसायच्या... आता अडकित्ता आला, वन्सं नाही आल्या." रडल्या. आम्ही सगळेच रडलो.

आईंना मी आता सगळं सांगितलं आहे. हा लेख ज्या पुरवणीत येणार ती त्या शेवटच्या पानापासून वाचतात, तेव्हा त्यांना हे छापून आल्यावर कळायला नको होतं. ऐकून घेतलं, बराच वेळ गाठीशी चाळा करत राहिल्या आणि म्हणाल्या, "मला सांगायचं ना ग. मी काय घराबाहेर काढलं असतं?" नसतं काढलं, आई. पण तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं. गाठ त्यांनीही सोडली नाही.

पण हे नंतरचं. त्या दिवशी गिरीश गेल्यावर आईंनी डोळे पुसले आणि जरा उजळून म्हणाल्या, "चला, आला तो वेळेवर आला. इराच्या बाळाच्या उशाखाली ठेवू." इरा समोर शेंगा सोलत बसली होती. ती म्हणाली, "नको." इतक्या पटकन म्हणाली, की मी चमकले. मी तिच्याकडे पाहिलं. शेंगांचं ताट तिनं बाजूला सारलं होतं आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

मी तिला आतल्या खोलीत घेऊन गेले. कडी लावली. गुडघे दुखतात तरी जमिनीवर बसले. "तू कशी आहेस?" म्हटलं. "बरी आहे." "हे झालं सगळ्यांसाठीचं उत्तर," मी म्हटलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "मम्मी, त्या दिवशी नलूआजीनं कडी लावली ना... मी तिला अर्धंच सांगितलं. ती म्हणाली, बाकीचं तुझ्या आईला सांग. ती घाबरायची नाही."

मी! माझे तळहात घामानं भिजले होते. पुढे ती काय बोलली ते तिचं आहे, ते मी लिहिणार नाही. सयाजीगंजचा तो जिना आम्ही दोघी आता चढतो, वरच्या डॉक्टर बदलल्या आहेत, एवढं तिला विचारूनच लिहिते आहे. पण त्या दुपारी, बोलायच्या आधी, ती फार वेळ गप्प होती. माझ्या ओठांवर दहा प्रश्न आले. मी एकही विचारला नाही. तिच्याकडे तोंड करून, तिला माझा चेहरा नीट दिसेल अशी बसले आणि थांबले. चांगली थांबले. मग अगदी हळू म्हटलं,

"बोल. मी लाइनवर आहे."